फ्रीजवरची वाटी: नेरूळमधल्या एका बोक्याच्या वजनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नेरूळमधली सिडकोची जुनी वसाहत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात चार माणसं आणि दोन मांजरं. आजी ७८ वर्षांच्या. त्यांचा मुलगा बँकेतून निवृत्त झालेला, त्यांना मी काका म्हणते. शिवाय काकू, आणि ऐरोलीला आयटी कंपनीत जाणारी नात. मांजरांत एक सहा वर्षांचा लाल-पांढरा बोका आणि एक चार वर्षांची करडी मांजरी. ओळख पटू नये म्हणून बोक्याला बंड्या म्हणते, मांजरीला चिंगी. घराचे काही तपशीलही बदलले आहेत.

बंड्या दीड महिन्याचा असताना भर पावसात जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ सापडला. नातीने वर आणला आणि आजींनी ड्रॉपरने पाजून वाढवला. आठव्या महिन्यात माझ्याच दवाखान्यात त्याची नसबंदी झाली. पुढे तो घराबाहेर गेला नाही. खिडक्यांना ग्रिल, ग्रिलला जाळी. त्याच वर्षी आजोबा गेले. आजींची पहाटेची झोप उडाली ती तेव्हापासून आणि बंड्या त्यांच्या पायाशी झोपायला लागला तोही तेव्हापासून. वजनाच्या केसमध्ये वाटीत काय आहे हे जितकं विचारावं लागतं, तितकंच ती वाटी कोण पुढे सरकवतंय आणि कशासाठी, हेही विचारावं लागतं. मला ते विचारायला सहा महिने लागले.

नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. शस्त्रक्रिया करायलाच हवी, त्यात शंका नाही. पण टाके काढायला आणतात त्या दिवशीच वाटी लहान करायला सांगायला हवं. मी सांगितलं नव्हतं. कोरडं खाणं वाटीत दिवसभर भरलेलं असायचं, दोन्ही मांजरांसाठी एकच वाटी.

लसीकरणाचं कार्ड नंतर नीट पाहिलं. दीड वर्षाचा असताना ४.९ किलो. पुढच्या चार वर्षांत ५.५, ६.२, ६.८, ७.४. पाचही आकडे माझ्या अक्षरात. शेरा एकाच ठिकाणी होता: 'गुटगुटीत'.

तक्रार आणि तपासणी

फेब्रुवारीत त्याला आणलं ते वजनासाठी नव्हे. काकूंची तक्रार होती की शेपटीच्या वरच्या भागात केसांच्या गाठी झाल्यात, कोंडा पडतोय, बुरशी तर नाही? त्वचेच्या तपासणीत बुरशी निघाली नाही. त्याची जीभ तिथपर्यंत पोचतच नव्हती. मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटून साफ करण्यात घालवतं. पोट आणि कुशी आड आल्या की आधी कंबर सुटते, मग शेपटीखालची जागा. घरच्यांना हा आळस वाटतो.

मग मी उड्यांबद्दल विचारलं. नात म्हणाली, "आधी ओट्यावरून फ्रीजवर जायचा. आता सोफ्यावरसुद्धा पुढचे पाय टाकतो आणि स्वतःला ओढून घेतो."

काट्यावर ७.८० किलो.

काट्यापेक्षा हाताने केलेली परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते, आणि ती घरी कुणालाही करता येते. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा: फासळ्या तशा टोचत असतील तर जनावर हडकुळं. मूठ उघडून तळवा खाली केला की हाताच्या मागच्या बाजूला हाडं जाणवतात पण टोचत नाहीत: तसं हवं. तळहाताच्या बाजूने, अंगठ्याखालच्या मांसल भागावर दाबलं की हाड शोधावं लागतं: फासळ्या तशा लागत असतील तर चरबी जास्त. मग वरून पाहायचं, फासळ्यांमागे कंबर आत जाते का. कुत्र्याला आणि मांजराला हीच पद्धत. आम्ही त्याला १ ते ९ गुण देतो. ५ म्हणजे योग्य, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण साधारण १० ते १५ टक्के जादा वजन दाखवतो. बंड्याचे ९ होते. फासळ्या सापडल्याच नाहीत, शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी हाताला लागत होती.

एक खुलासा करावा लागतो, कारण पुष्कळ जण तिथे फसतात. मांजराच्या पोटाखाली मागच्या पायांच्या पुढे कातडीचा एक झोळ असतो आणि चालताना तो हलतो. तो बारीक मांजरालाही असतो. झोळ रिकामा आणि लोंबता असेल तर काळजी नको. बंड्याचा भरलेला होता.

आजी सोबत आल्या होत्या. त्यांचा हात धरून आधी चिंगीच्या फासळ्यांवर ठेवला, मग बंड्याच्या. त्या म्हणाल्या, "हिच्या लागतात बाई हाताला. हा कसा खात्यापित्या घरचा दिसतो." आपल्याकडे बाळसं हे तब्येतीचं लक्षण मानतात आणि 'किती वाळलास' हा काळजीचा उद्गार असतो. त्या भाषेत वाढलेल्या माणसाला लठ्ठपणा आजार म्हणून दाखवणं सोपं नाही.

नातीने थायरॉइडबद्दल विचारलं, रास्त प्रश्न होता. कुत्र्यांत थायरॉइड मंदावून वजन वाढतं, तिथे ती तपासणी करावीच. मोठ्या वयाच्या मांजरात तो आजार क्वचित. त्यांच्यात ग्रंथी उलट जास्त चालते आणि वजन उतरतं. मला मधुमेहाची धास्ती होती, कारण लठ्ठ मांजरात त्याचा धोका सुमारे चौपट असतो. रक्तातली साखर १७८ आली, जरा जास्त. पण दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही चढते. लघवीत साखर नव्हती, आणि मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी ठीक आली. मूत्रपिंडं आणि यकृत चांगलं. म्हणजे आजार नव्हता, वेळ हातात होती.

पहिला निर्णय

गाठी कापल्या, वजन कमी करण्यासाठीच्या खास खाण्याची एक पिशवी लिहून दिली आणि सांगितलं, "आता खाणं कमी करा. हे नवीन सुरू करा. महिन्याने दाखवा."

बाहेर चार रुग्ण ताटकळत होते. 'कमी' म्हणजे किती ग्रॅम, नवीन खाणं जुन्यात किती दिवस मिसळायचं, त्याने तोंड लावलं नाही तर काय करायचं, यातलं काही मी बोलले नाही. आणि एक वाक्य, जे मांजराच्या प्रत्येक पालकाला पहिल्यांदा सांगायचं असतं, तेही राहिलं: मांजराला उपाशी ठेवायचं नाही.

काकांच्या भावाकडे, ठाण्याला कासारवडवलीत, एक लॅब्रॅडोर आहे. तोही लठ्ठ होता आणि त्याला दर शनिवारी उपास घडवायचे. निरोगी मोठा कुत्रा एक दिवसाचा उपास सहज काढतो. शिवाय लंघन हे परम औषध, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. काकांनी दोन्ही जोडलं. जुन्या खाण्याचा डबा माळ्यावर गेला, नव्या खाण्याचा एक चमचा वाटीत आला आणि घरात सर्वांना बजावलं गेलं: भूक लागली की खाईल.

तीन दिवस

बंड्याने नव्या खाण्याचा वास घेतला आणि पाठ फिरवली. पहिल्या दिवशी ओरडला. दुसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं. काकांना वाटलं, सवय होतेय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळसर फेस ओकला आणि पलंगाखालून बाहेर येईना. आजींनी त्या रात्री जेवण घेतलं नाही आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला.

मांजराचं शरीर मांसाहारावर बेतलेलं आहे. खाणं थांबलं की साठवलेली चरबी झपाट्याने रक्तात उतरते आणि यकृताकडे जाते. मांजराच्या यकृताला ती त्या वेगाने हाताळता येत नाही. यकृताच्या पेशी चरबीने भरत जातात, मळमळ होते, मळमळीने खाणं आणखी सुटतं, आणखी चरबी येते. जितकं लठ्ठ मांजर तितका धोका मोठा, आणि दोन-तीन दिवसांचा उपासही त्याला पुरतो. कुत्र्याचं असं सहसा होत नाही, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

वजन ७.४५. अकरा दिवसांत ३५० ग्रॅम गेले होते, त्यातले बहुतेक शेवटच्या तीन दिवसांत असावेत. कानाच्या आतल्या कातडीला किंचित पिवळी झाक होती, ट्यूबलाइटखाली न दिसणारी. मोबाइलच्या उजेडात दिसली. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ०.९, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुपटीपुढे. यकृताची दोन एन्झाइम्स पाहिली: अल्कलाइन फॉस्फटेज जवळजवळ तिप्पट आणि जीजीटी मात्र ठीक. ही जोडी मांजरातल्या चरबीच्या यकृताची खूण असते. सोनोग्राफीत यकृत उजळ दिसलं, पण लठ्ठ मांजराचं ते तसंही दिसतं, म्हणून त्यावर मी फार भिस्त ठेवली नाही.

इथे खरा निर्णय होता. उलटीवरचं औषध, सलाईन, भूक वाढवणारी गोळी देऊन तो आपण होऊन खातो का हे पाहायचं, की लगेच नळी घालून भरवायचं? नळीचं नाव काढताच काकू रडायला लागल्या. मी बारा तास थांबायचं ठरवलं आणि ती मुदत घरच्यांना स्पष्ट सांगितली. सकाळपर्यंत त्याने चार बोटं मासा चाटला, गिळलं काहीच नाही. सकाळी नाकातून अन्ननलिकेपर्यंत बारीक नळी घातली आणि पातळ खाणं सुरू केलं. पहिल्या दिवशी त्याच्या मूलभूत गरजेच्या पाव हिश्शाइतकंच, कारण उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर पोटॅशियम आणि फॉस्फेट कोसळतात. चार दिवसांत मात्रा पूर्ण केली. रोज रक्तातले क्षार पाहिले, बी-१२चं इंजेक्शन दिलं.

पाचव्या दिवशी आजी डब्यात उकडलेल्या बोईट माशाचं पाणी घेऊन आल्या, मीठ-कांदा न घातलेलं, कोमट. ते त्याच्या जुन्याच खाण्यावर ओतलं. बंड्या उठून आला आणि खाल्लं.

काका बाकावर बसून होते. म्हणाले, "डॉक्टर, माझ्या हातून जीव गेला असता." मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती. 'कमी करा' हा सल्ला ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेला असतो, आणि ती समजूत काय असेल हे मी विचारलंच नव्हतं.

पर्याय

महिनाभर वजनाचा विषय काढला नाही. यकृताचे आकडे जाग्यावर आले, तो पूर्ण खायला लागला. मार्चअखेर वजन ७.४०. मग चौघांनाही एकदम बोलावलं.

काकांनी आता प्रश्न उलटा टाकला: एवढं झाल्यावर त्याला आहे तसाच राहू दिलं तर? या घराने जे भोगलं त्यानंतर तो प्रश्न मला योग्यच वाटला. मी त्यांना कुत्र्यांवरचा एक अभ्यास सांगितला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला, ४८ लॅब्रॅडोरवरचा, पिल्लूपणापासून मरेपर्यंत चाललेला. जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणारे मध्यमानाने १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. मांजरांवर असा आयुष्यभराचा अभ्यास माझ्या हाताशी नव्हता, पण साखर, सांधे आणि लघवीच्या तक्रारी लठ्ठ मांजरांत जास्त, हे रोज समोर दिसतं. आणि बंड्या पुन्हा कधी दुसऱ्या कारणाने खायचा थांबला, तर हेच यकृत पुन्हा धोक्यात येणार होतं. या शेवटच्या मुद्द्यावर काका तयार झाले.

मग खाण्याचे पर्याय. नेहमीचंच कोरडं खाणं निम्मं करणं सर्वांत स्वस्त. पण त्या पाकिटातली प्रथिनं आणि टॉरिन (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं अमिनो आम्ल) पूर्ण वाटीच्या हिशोबाने घातलेली असतात. वाटी निम्मी केली की तीही निम्मी होतात आणि स्नायू झडतात. घरचं उकडलेलं मासे-भात आजींना हवं होतं. भाताची मांजराला गरज नाही, नुसत्या माशात कॅल्शियम पुरत नाही, आणि मासा कच्चा दिला तर काही जातींमुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. वजन कमी करण्याचं खास खाणं शास्त्राने बरोबर होतं, पण बंड्याला त्याचाच धसका बसला होता आणि खर्चही दुपटीच्या पुढे जात होता. नातीने माणसांच्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल विचारलं. त्याला मी साफ नाही म्हटलं.

शेवटी मिश्रण ठरलं: खास कोरडं खाणं, एक ओलं पाउच आणि आजींच्या हातचा उकडलेला मासा, तिन्ही मोजून. ओल्या खाण्यात पाणी भरपूर, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत पोट जास्त भरतं.

किती द्यायचं, यावर मी दोन रात्री विचार केला. हिशोब असा: अपेक्षित वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७०ने गुणायचं, आणि मांजरासाठी त्याच्या ८० टक्के घ्यायचं. तरुणपणाचं ४.९ धरून अपेक्षित वजन ५ किलो मानलं तर दिवसाला सुमारे १८७ कॅलरी. पुस्तकाप्रमाणे तोच आकडा. पण एकदा यकृत दुखावलेल्या मांजराला तिथून सुरुवात करायची मला भीती वाटली. मधला टप्पा ६.५ किलोचा धरला, त्याचे २३० कॅलरी येतात. उतार सावकाश येईल, चालेल. मांजराने आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावं. बंड्यासाठी ते ४० ते ७० ग्रॅम.

योजना

नवीन खाणं जुन्यात मिसळायला तीन आठवडे घेतले. पूर्ण बदल झाल्यावर रोजचा हिशोब: कोरडं ४५ ग्रॅम, एक पाउच, मासा १५ ग्रॅम. कपाने किंवा मुठीने न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये, कारण कपात पाच-सात ग्रॅमची चूक सहज होते आणि ती इथे दहा टक्क्यांच्या घरात जाते. एका दिवसात निम्म्याहून कमी खाल्लं तर त्याच दिवशी फोन, हे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं.

माझा दवाखान्यातला काटा मोठ्या कुत्र्यांचा, ५० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा. आठवड्याचे ४०-५० ग्रॅम त्यावर नीट दिसणारच नाहीत. मी बाळांचा वजनकाटा आणला, १० ग्रॅमच्या टप्प्याचा. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, खाण्याआधी, प्लास्टिकच्या टोपलीत बसवून वजन. बरेच जण जनावराला कडेवर घेऊन स्वतःचं वजन वजा करतात; मोठ्या कुत्र्याला ते चालतं, मांजराला नाही.

चिंगी ३.४ किलोची, तिला कमी खायला घालायचं कारण नव्हतं. तिची वाटी फ्रीजवर ठेवली. ती ओट्यावरून टुणकन वर जायची, बंड्याला ते शक्य नव्हतं. इतका साधा उपाय प्रत्येक घरात निघत नाही.

व्यायामाबद्दल मी फार आशा ठेवत नाही. वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यातून. तरी नातीने अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये त्याचं कोरडं खाणं खळग्याखळग्यात पसरायला सुरुवात केली. जे आधी दोन मिनिटांत संपायचं ते पंजाने उकरून काढायला वीस मिनिटं लागू लागली, आणि मागणं कमी झालं.

उतार लागला. जूनअखेर ६.९०, जुलैअखेर ६.६०.

श्रावणात थांबलेला काटा

श्रावण लागला आणि काटा हलेना. ६.६०, मग ६.६५, मग ६.६२. चार आठवडे.

पुस्तकात याचं उत्तर तयार असतं: शरीर कमी खाण्याला सरावतं, कॅलरी १० टक्क्यांनी कमी करा. मी २०५ कॅलरीचा नवा तक्ता लिहूनही ठेवला होता. पण वजनाचा आलेख हळूहळू सपाट होत नव्हता, एका रविवारी अचानक थांबला होता. सराव असा तारखेने येत नाही. तक्ता दिला नाही. त्याऐवजी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

काकू आणि नात दोघींनी डबे, वजनं, वही सगळं दाखवलं. चोख होतं. आजी गप्प होत्या. इतर उठून गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि बंड्याबद्दल न विचारता त्यांच्या झोपेबद्दल विचारलं.

"झोप कुठली. चारला डोळा उघडतो. हा उठून येतो, हाताला डोकं घासतो. घर सगळं झोपलेलं. श्रावणात घरात मासे नाहीत, त्याचा तेवढा घास गेला. मग थोडं दूध देते. साय असली तर साय."

एक लहान वाटी फुल क्रीम दूध, ६० मिलीलीटर, आणि चमचाभर साय. हिशोब केला तर ८० कॅलरी होतात. मांजराच्या २३० मध्ये ८० म्हणजे आपल्या जेवणावर रोज दोन वडापाव वाढवल्यासारखं. पण समोर बसलेल्या बाईला हा आकडा सांगून मी काय मिळवणार होते? दूध बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी ते बंद केलं असतं, आणि पहाटे चार वाजता त्या दोघांमध्ये जे काही होतं तेही बंद झालं असतं. किंवा केलं नसतं आणि मला पुन्हा कळलं नसतं.

मी म्हटलं, "आजी, पहाटेचं खाणं चालू ठेवा. दिवसातलं पहिलं खाणं तुमच्याच हातून होऊ दे. फक्त वस्तू बदलू."

त्या दिवसापासून बंड्याचं सगळं खाणं आजींच्या ताब्यात गेलं. काकू रात्री मोजून स्टीलच्या डब्यात कोरडं खाणं भरतात आणि पाउच बाजूला ठेवतात. डबा आजींच्या उशाशी. पहाटे चारला पहिले १५ ग्रॅम, आजींच्या हातून. दिवसभरात कुणालाही त्याला काही द्यायचं असेल तर ते आजींकडे मागून, त्या डब्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. श्रावण संपेपर्यंत माशाऐवजी तेवढ्याच कॅलरीचं ओलं खाणं थोडं वाढवलं.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. नातीने मला नंतर सांगितलं की कुणीतरी बंड्याला पेढा भरवायला गेलं तेव्हा आजींनी बसल्या जागेवरून आवाज दिला: "त्याचं पथ्य आहे. मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

सप्टेंबरच्या दुसऱ्या वजनाला ६.५५.

काय वेगळं करता आलं असतं

कार्डावरचे ते पाच आकडे मला अजून टोचतात. ४.९ वरून ५.५ झाला त्या वर्षी बोलले असते तर दहा ग्रॅम कमी करून काम झालं असतं. आता मी लसीकरणाला प्रत्येक जनावराचे ९ पैकी गुण लिहिते आणि एका गुणाने वाढले तरी पालकाचा हात धरून फासळ्यांवर ठेवते. 'गुटगुटीत' हा शब्द मी रुग्णाच्या कागदावर लिहीत नाही.

फेब्रुवारीत खाणं बदलण्याआधी एक आठवडा घरात नुसती वही ठेवायला सांगायला हवी होती: कोण, कधी, काय देतं. त्या वहीत आजींचं पहाटेचं दूध कदाचित तेव्हाच दिसलं असतं. ते श्रावणात वाढलं, पण थोडंफार आधीपासून होतं.

नळीबाबत माझं मन अजून पक्कं नाही. बारा तास थांबले ते काकूंचे अश्रू पाहून की तब्येत पाहून, हे मला प्रामाणिकपणे वेगळं करता येत नाही. त्याचं नुकसान झालं नाही. पण पुढच्या वेळी कानाला पिवळेपणा दिसला तर मी त्याच रात्री नळी घालेन.

२३० कॅलरीच्या निर्णयावर मात्र मी ठाम आहे. अधिक वेगाने उतरला असता, पण या घराला एक दिवसही तो वाटीपासून वळलेला बघवला नसता, आणि योजना तिथेच मोडली असती. काकांना मी उलट जास्त कामाला लावायला हवं होतं. झाल्या प्रकारानंतर ते खाण्यापासून दूरच राहिले, वहीला हात लावायलाही कचरायचे. ते माझ्या उशिरा लक्षात आलं. ऑक्टोबरपासून रविवारचं वजन त्यांच्याकडे दिलं. आता ते आकडा मला स्वतः फोन करून सांगतात.

सध्याची स्थिती

जानेवारीच्या मध्यावर ५.८५. कंबरेवरचे केस मऊ झाले होते, कोंडा गेला होता, शेपटीखाली तो स्वतः साफ करत होता. साखर १०४. फासळ्या थोडं दाबल्यावर लागत होत्या. ९ पैकी ६ किंवा ७. पुढच्या टप्प्यासाठी रोजच्या कॅलरी २१० केल्या. एप्रिलमध्ये ५.५० झाला आणि ६ गुणांवर स्थिरावला. पाच किलोचा हट्ट मी सोडला. त्याचा सांगाडा रुंद आहे, हात लावल्यावर कळतं.

जानेवारीतलीच एक पहाट. साडेचारला नातीचा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा उठला. ती कुजबुजत होती: बंड्या ओट्यावर चढला, तिथून फ्रीजवर, आणि चिंगीची वाटी साफ करून तिथेच बसलाय. खाली आजी उभ्या आहेत आणि त्याला खाली उतर म्हणून रागे भरतायत, पण त्यांच्या डोळ्यांना धार लागलीय. आता चिंगीची वाटी कुठे ठेवू?

सध्या ती काकांच्या खोलीत, दार लावून जेवते.